किडे ओळखणारी दिना

माझी मावसबहीण दिना काय करते, असं कुणी विचारलं की सेराफिना मावशी वर्षानुवर्षं एकच उत्तर द्यायची, "सरकारी नोकरी." कुठे? "पर्थला. मोठ्या इमारतीत." त्याच्यापुढेही कुणी खोदून विचारलं तर मावशी त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढायची, म्हणजे तोंड बंद. खरी गोष्ट अशी की दिना माशांच्या पोटातले किडे ओळखते. तिची इतक्या वर्षांची नोकरी त्यातच गेली, आणि त्या किड्यांसमोर ती जितकी खूश दिसते तितकी मी तिला कुणाच्या लग्नातही पाहिलेली नाही.

तिचं खरं नाव कोर्रादा. आमचे आजे-पणजे इटलीतल्या मोल्फेत्ताहून जाळी घेऊन ऑस्ट्रेलियाच्या या पश्चिम किनाऱ्याला लागले आणि येताना गावचा संत कोर्रादो बरोबर घेऊन आले. त्यामुळे पोर्ट कॅरन बंदरात आमच्यातल्या प्रत्येक घरात एक तरी कोर्रादो किंवा कोर्रादा निघतेच. एकाच वर्गात इतक्या कोर्रादा झाल्या की बाईंनी वैतागून हिची दिना करून टाकली.

लहानपणी बाप लोक बंदरावर जाळी झटकत असायचे, आया मासे निवडत असायच्या आणि आम्ही मुली शंखशिंपले गोळा करायचो. दिना काडेपेटी घेऊन आतड्यांच्या ढिगापाशी बसायची. बांगड्याच्या आतड्यावर पांढरे किडे दोऱ्याच्या वेटोळ्यासारखे पडलेले असतात, ते नखानं सोडवून ती काडेपेटीत भरायची. एकदा मावशीनं शेगडी पेटवायला नेमकी तीच काडेपेटी उघडली. त्या दिवशी दिनानं जो मार खाल्ला तो आमच्या अख्ख्या गल्लीनं ऐकला. मार खाऊन झाल्यावर ती जमिनीवर वाकून किडे परत गोळा करत होती.

मोठेपणी जेराल्डटनहून एक स्थळ आलं. मुलगा देखणा, घरच्या दोन बोटी. जेवताना त्यानं सभ्यपणानं विचारलं, तुम्ही नेमकं काय करता? दिनाला असं कुणी विचारत नाही, त्यामुळे ती खुलली. देवमाशाच्या पोटात किड्याची अंडी कशी होतात, ती पाण्यात पडून कोळंबीसारख्या बारक्या जिवात कशी जातात, त्यांना मासा कसा खातो, माशाला पुन्हा देवमासा कसा खातो, सगळं तिनं हातवारे करून सांगितलं. सूपात बारीक शेवया होत्या. त्यानं चमचा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. स्थळ परत आलं नाही. दिनाला त्याचं काही वाटलं नाही, मावशीला मात्र फार वाटलं.

मी मासळीवालीची मुलगी, मासळीवाल्याची बायको, आणि बंदरावरच्या आमच्या इटालियन क्लबच्या स्वयंपाकघरात मावशीच्या हाताखाली घडलेली. मला विज्ञानातलं काही कळत नाही, पण उगाच मान डोलवायची सवयही नाही. एकदा मी दिनाला सरळ विचारलं, "इतकं शिकून तुला साधा किडा ओळखता येत नाही? मला तर येतो. पांढरा असतो."

"पांढरे सगळेच असतात गं, नुन्झिया. तीच तर पंचाईत आहे."

"म्हणजे?"

"माशात असतो तो किडा बाळ असतो. ओठ, शेपटी, सगळ्या खुणा मोठेपणी फुटतात, आणि मोठा तो देवमाशाच्या नाहीतर सीलच्या पोटात गेल्यावरच होतो. तोवर सगळे सारखे. इस्पितळातली एका दिवसाची बाळं बघ. पायाला चिठ्ठी नसेल तर कुठलं कुणाचं सांगशील?"

"मग तू कशी सांगतेस?"

"यांची चिठ्ठी आत असते."

मग तिनं समजावलं ते मला असं कळलं. किड्याचा नखभर तुकडा कापायचा, औषधात विरघळवायचा, त्यातला डीएनए काढायचा, त्यातल्या एका ठरावीक भागाच्या लाखो नकला करायच्या आणि मग मशीनकडून त्यातली अक्षरं वाचून घ्यायची. मोठ्या, ओळख पटलेल्या किड्यांची अक्षरं आधीच वाचून ठेवलेली असतात. ज्याच्याशी जुळतील त्याचं हे बाळ. काही जाती माणसाला काहीच करत नाहीत. काही मात्र जिवंत पोटात गेल्या की पोटाच्या आतल्या भिंतीत तोंड खुपसतात आणि माणूस गुरासारखा ओरडतो. मी म्हटलं, एवढ्यासाठी एवढं? ती म्हणाली, एवढ्यासाठी. वादच संपला.

आता आमच्या सणाचं सांगायला हवं. ऑक्टोबरात आम्ही मारियामातेची मूर्ती सजवलेल्या बोटीवर चढवतो आणि सगळ्या बोटी तिच्या मागून बंदराबाहेर जाऊन येतात. त्या पहाटेचे पहिले बांगडे दोन मोठ्या टोपल्यांत मारियामातेच्या पायाशी ठेवायचे. अख्खे ठेवायचे. फादरचा आशीर्वाद होईपर्यंत त्यांना सुरी लावायची नाही, कारण फाडलेला मासा नैवेद्याला चालत नाही, असं आमच्या आज्यांनी ठरवून ठेवलंय. आशीर्वाद झाला की टोपल्या क्लबात येतात. मग सेराफिना मावशी बाह्या सरसावते. बांगडे साफ करायचे, काटे काढायचे, व्हिनेगर, लिंबू, मीठ, थोड्या वेळानं निथळून वर ऑलिव्हचं तेल, लसूण, पुदिना. चूल नाही, आच नाही. संध्याकाळी ते ताट टेबलावर आलं की मगच सण झाला असं म्हणायचं. आमच्या बंदरात मावशीला जो मान आहे तो या एका ताटाचा आहे. ती विधवा झाली, गुडघे गेले, पण ऑक्टोबरात क्लबचा अध्यक्षसुद्धा तिच्यासमोर उभा राहून बोलतो.

तो अध्यक्ष म्हणजे इग्नात्सिओ आल्तोमारे. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. ही गोष्ट घडली त्या वर्षी सणाच्या रात्री त्याच्या पोटात असं काही दुखायला लागलं की त्यानं म्हणे मेलेल्या बापाला हाका मारल्या. त्याला पर्थच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी घशातून नळी घातली, आत कॅमेरा फिरवला आणि पोटाच्या भिंतीला चिकटलेला एक पांढरा किडा चिमट्यानं ओढला. ओढताना तो तुटला. डोक्याकडचं टोक चुरगळून गेलं, हाताला लागला तो मधला भाग. इग्नात्सिओ दोन दिवसांत ठणठणीत झाला आणि पहिली गोष्ट काय केली, तर डॉक्टरांच्या मागे लागून त्यातला एक तुकडा औषधाच्या बाटलीत घालून क्लबात आणला आणि दारूच्या बाटल्यांशेजारी मांडला.

किडा आला कुठून, हे बंदरानं त्याच दिवशी ठरवून टाकलं. मिरवणूक चालू असताना नगराध्यक्षांचं भाषण लांबलं होतं आणि इग्नात्सिओनं भूक लागली म्हणून धक्क्यावरच्या आनबाईंच्या दुकानातून सुशी घेऊन खाल्ली होती. आनबाई कोरियाच्या. नवरा गेल्यावर एकट्यानं ते दुकान चालवतात. भातात गुंडाळलेला कच्चा सामन मासा. बस्स, खापर फुटायला आणखी काय लागतं? मारियामातेची मिरवणूक सोडून परक्याच्या हातचं कच्चं खाल्लं, भोग आता, असं इग्नात्सिओची बायको सगळ्यांदेखत त्याला म्हणाली. मावशीच्या ताटावर कुणी शंकासुद्धा घेतली नाही. नगरपालिकेनं तपासणीचा अहवाल येईपर्यंत आनबाईंच्या दारावर बंदची पाटी लावली. शाळेतली पोरं जाता-येता काचेवर शेंबूड पुसून, थुंकून जायची. आनबाई रोज बाहेर येऊन काच धुवायच्या. कुणाशी भांडल्या नाहीत.

इस्पितळानं उरलेला तुकडा तपासायला कुठे पाठवावा? दिनाच्या प्रयोगशाळेत. दिनानं पाकिटावरचं गावाचं नाव वाचलं आणि तशीच उठून साहेबांकडे गेली. म्हणाली, हे माझं गाव आहे, त्या जेवणातला मासा माझ्या आईनं केला होता, मी याला हात लावणार नाही. काम ब्रॉनविनकडे गेलं. ब्रॉनविन म्हणजे दिनाच्या शेजारच्या टेबलावरची उंच, मितभाषी बाई. मग दिनानं मला फोन केला.

"त्या दिवसाचे बांगडे उरलेत का?"

"मावशीच्या ताटातले? चार तुकडे आहेत फ्रिजमध्ये."

"ते नकोत. व्हिनेगरात राहिले की अक्षरं पुसट होतात. बिनलिंबाचे आहेत?"

होते. टोपलीतले दोन-तीन चेंगरलेले बांगडे मावशीनं मांजरासाठी अख्खेच फ्रीझरमध्ये टाकले होते. मी मांजराच्या तोंडचा घास काढून बर्फाच्या डब्यात भरला आणि गाडी काढली. आनबाईंच्या फ्रीझरमधला सामन नगरपालिकेच्या माणसानं आधीच पाठवला होता.

प्रयोगशाळेत मला कोट घालायला लावला. दिना काचेपलीकडे उभी राहिली, आत आली नाही. ब्रॉनविननं बांगडा उघडला, मांस पातळ सोलून उजेडाच्या काचेवर ठेवलं आणि मला बोलावलं. मी जन्मभर बांगडे साफ केलेत. आतड्यात किडे असतात, ते आम्ही फेकतो, त्यात काय विशेष. पण हे मांसात होते. गुलाबी मांसात, पोटाच्या बाजूला, एक इथे, एक तिथे, आणखी एक पाठीकडे निघालेला. मला त्या जेवणात मी स्वतः किती तुकडे खाल्ले ते आठवलं आणि मी खुर्ची शोधली.

अहवाल यायला काही दिवस गेले. दिनानं मला पर्थला बोलावून घेतलं. कॉफी समोर ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. इग्नात्सिओच्या पोटातला किडा आणि आपल्या बांगड्यातले किडे एकाच जातीचे. ही जात दक्षिणेकडच्या समुद्रातली. आनबाईंचा सामन आलाय उत्तरेकडच्या समुद्रातून, तिथली जात वेगळी, आणि त्यांच्या माशात किडा सापडलाच नाही. शिवाय तो कडक गोठवून येतो. तसा आठवडाभर गोठवला की किडा असला तरी मरतो.

"नक्की?" मी म्हटलं. "यंत्राची चूक असेल."

"ब्रॉनविननं दुसऱ्यांदा केलं. बाटल्यांवर नावं नव्हती, फक्त आकडे होते. कुठला तुकडा कुणाचा हे तिला माहीत नव्हतं."

"मग अहवालात काय लिहिणार?"

"स्थानिक बांगडा."

"मावशीचं नाव?"

"नावं आम्ही लिहीतच नाही."

"मग झालं तर. बांगडा म्हणा आणि गप्प बसा. बांगडे सगळेच खातात. तू कशाला तोंड उघडतेस?"

दिनानं माझ्याकडे असं पाहिलं की मला राग आला. तिला रागावता येत नाही, हीच तिची खोड. रागावली असती तर मला भांडता आलं असतं.

"पुढच्या ऑक्टोबरात आई पुन्हा तेच ताट करणार," ती म्हणाली. "आणि आनबाई काच धूत राहणार. मला घरी जाऊन आईला सांगायलाच हवं."

"तिला जिवंतपणीच मारशील तू."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. पण पिशवी घेऊन निघाली.

वाटेत तिनं धक्क्यावर गाडी थांबवली आणि परतलेल्या बोटीवरून ताजे बांगडे घेतले. कशाला, ते मला सांगितलं नाही. मावशी स्वयंपाकघरात बसून कणकेच्या बारक्या गोळ्यांना अंगठ्यानं दाबून पास्त्याचे छोटे कान वळत होती. आम्हा दोघींना बघून म्हणाली, "इतक्या लवकर? कोण मेलं?"

"कुणी नाही. आई, इग्नात्सिओच्या पोटातला किडा आपल्या बांगड्यातला होता."

मावशीचा अंगठा थांबला नाही. "कोण म्हणतं?"

"तपासणी."

"तपासणीनं माझे बांगडे खाल्लेत कधी?"

"आई."

"लिंबात मासा पांढरा होतो. शिजतो. शिजल्यावर जिवंत कोण राहतं?"

"मासा पांढरा होतो. किडा मरत नाही."

"तुझ्या बापानं जन्मभर खाल्ले. तू दात आल्यापासून खातेस. मेलीस?"

"तेव्हा आशीर्वाद पहाटे व्हायचा, आई. ऊन चढायच्या आत तू मासे साफ केलेले असायचेस. जिवंत माशात किडा पोटात पडून असतो. मासा मेला, पोट तापायला लागलं की तो तिथून निघतो आणि मांसात शिरतो. आता मिरवणूक दुपारी असते. टोपल्या किती वेळ उन्हात असतात?"

ते खरं होतं. नगरपालिकेनं पाहुण्यांच्या सोयीसाठी सण दुपारी नेला, मग बँड आला, मग भाषणं आली. टोपल्या मारियामातेच्या पायाशीच, अख्ख्या.

"म्हणजे दोष मारियामातेचा?" मावशी म्हणाली.

"नगराध्यक्षांच्या भाषणाचा," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

"मग काय करायचं म्हणतेस? तिच्यासमोर फाडलेला मासा ठेवायचा? की बर्फातला? अगं, आपण कोण, बर्फातला मासा खाणारे? ते तू फादरना सांग, क्लबात उभी राहून सांग. माझ्या घरात नको."

दिनानं बाह्या सरसावल्या. तिनं पिशवीतला ताजा बांगडा घेतला, सिंकमध्ये उघडला आणि आतड्यावरचा एक किडा सोडवला. तो हळूहळू वळवळत होता. मग तिनं काचेचा ग्लास घेतला, मावशीचं घरचं व्हिनेगर ओतलं, लिंबू पिळलं.

"एवढंसं?" मावशीनं ग्लास ओढून घेतला. "माझ्या नावावर खपवायचं तर नीट घाल." तिनं आणखी व्हिनेगर ओतलं, आणखी अर्धं लिंबू पिळलं, मीठ टाकलं. दिनानं किडा आत सोडला. ग्लासवर बशी झाकून मावशीनं तो खिडकीत ठेवला आणि पुन्हा कान वळायला बसली. आम्ही जेवलो. वाटाणे छान झाले होते असं मी म्हणाले, कारण कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. मावशी खिडकीशी उभी, चष्मा लावलेला, ग्लास उजेडाकडे धरलेला. मी खांद्यावरून डोकावले. किडा चांगला जिवंत होता. सरळ होत होता, पुन्हा गुंडाळत होता, जणू काही त्याला कुणी त्रासच दिलेला नाही. दिना दारात उभी होती. मला वाटलं आता मावशी ग्लास भिंतीवर फेकणार. तिनं तो टेबलावर ठेवला, चष्मा काढून पुसला आणि दिनाकडे न बघता म्हणाली, "तुला कामावर उशीर होईल."

दिना गेली. त्यानंतर तिचे फोन येत राहिले आणि मावशी उचलेना. मी तिथे असले तरी उचलू द्यायची नाही. फोन वाजायचा, ती कपड्यांच्या घड्या करत राहायची.

अहवाल नगरपालिकेकडे गेला. आनबाईंच्या दारावरची पाटी निघाली. पण दुकान रिकामंच. कागदावर काय लिहिलंय ते सगळ्यांना कळलं होतं, मानायचं कुणालाच नव्हतं. बांगडा म्हणजे मावशी हे न सांगता समजत होतं, आणि मावशीचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा सोपं काय? आनबाईच. इग्नात्सिओ किड्याची बाटली हातात धरून सांगायचा, प्रयोगशाळा चुकतात, माझ्या पोटाला माहीत आहे मी काय खाल्लं. आणि दिनाबद्दल जे बोलत होते ते मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते की जन्मदात्या आईला गावात खाली बघायला लावलं, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मी स्वतः तिच्यावर चिडलेली होते, तरी दोन बायकांशी त्यावरून भांडले.

शनिवारी धक्क्यावर बाजार भरतो. क्लबचे पुरुष नेहमीप्रमाणे बाहेरच्या बाकांवर कॉफी घेऊन बसलेले. मी भाजी घेत होते. बघते तर मावशी येतेय. काळा ड्रेस, सणाचा. मोत्यांची कानातली, हातात पर्स, एका हातात काठी. सरळ नाकासमोर चालत ती बाकांच्या पुढून गेली. इग्नात्सिओ उभा राहिला, "या, सेराफिनाबाई, बसा." ती थांबली नाही. ती आनबाईंच्या दुकानात शिरली.

मी भाजी तिथेच टाकून मागे धावले. मावशी काचेसमोरच्या टेबलाशी बसली होती, बाहेरून सगळ्यांना दिसेल अशी. आनबाई पंचा हातात धरून गोंधळून उभ्या.

"सगळ्यात कच्चा कुठला आहे तो द्या," मावशी म्हणाली.

आनबाईंनी ताटली आणली. मावशीला खायच्या काड्या धरता येईनात, तिनं बोटांनी तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि चावत राहिली. तिनं आयुष्यात दुसऱ्या बाईच्या हातचा मासा खाल्लेला मी कधी पाहिला नव्हता. बाहेर बाकांवरची माणसं एकेक करून काचेपाशी आली. इग्नात्सिओनं दार ढकललं.

"अहो, काय करताय हे? इथंच तर मला..."

"इथं नाही," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही, पण तिचा आवाज बंदरावर वाढलेला आहे, ऐकू जातो. "तुझ्या पोटातला किडा माझ्या ताटातला होता. मी तसलाच एक लिंबात घातला, रात्रभर ठेवला, सकाळी जिवंत होता. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ज्याला या बाईंच्या काचेवर थुंकायचं असेल त्यानं माझ्या दारात येऊन थुंकावं."

मावशीनं आणखी एक तुकडा उचलून चावला.

"आणि तो ओळखला माझ्या मुलीनं आणि तिच्या लोकांनी. बाकी आपण सगळे इतकी वर्षं मासे खातोय, कुणाला ओळखता आला का? इग्नात्सिओ, तुला तर पोटात होता तरी ओळखता आला नाही. आता दार लाव, वारा येतोय."

इग्नात्सिओनं दार लावलं. बाहेरच्या बाजूनं. आनबाई तोंडाला पंचा लावून आत निघून गेल्या आणि चहाची किटली घेऊन परत आल्या, डोळे लाल. मी तिथेच खुर्चीत बसले आणि पर्थला फोन लावला. दिनाला मी सगळं सांगितलं, मावशीचा शब्द न् शब्द.

"काय खाल्लं तिनं?" तिनं विचारलं.

"सामन. भातावर ठेवलेला."

"कच्चा?"

"कच्चा."

"गोठवलेलाच आहे ना तो? विचार त्यांना."

मी विचारलं. आनबाईंनी जोरजोरात मान हलवली. "हो, गोठवलेला," मी म्हटलं.

"मग हरकत नाही," दिना म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडत होती, आणि माझाही बांध फुटला.

मावशीनं हात पुढे केला. मी फोन दिला. ती क्षणभर ऐकत राहिली.

"रडून झालं की सांग," ती म्हणाली. "उद्या जेवायला ये. बांगडे आणलेत. मी हात लावत नाही, तू येऊन साफ कर." आणि फोन माझ्या हातात देऊन तिनं ताटलीतला उरलेला तुकडा उचलला.